पायांतलं पिल्लू

"पेंग्विन कुठे राहतात, निहार?" बालवाडीच्या बाईंनी चित्र पुढे केलं.

"अंटार्क्टिकात. बर्फावर," तो घडाघडा म्हणाला. आईचा जीव भांड्यात पडला. महिनाभराची घोकंपट्टी कामी आली, प्रवेश जवळजवळ पक्काच झाला!

"अरे वा! आणि हे पिल्लू बाबांच्या पायांत का लपलंय रे?"

'थंडी वाजते म्हणून,' आईने नुसते ओठ हलवून सुचवलं. किती वेळा पाठ करून घेतलं होतं! पण निहार चित्राकडेच बघत राहिला.

"त्याची आई अभ्यास घेतेय ना," तो मांडी चोळत म्हणाला. "चुकलं की ती चिमटा काढते."

बाईंनी वर पाहिलं. निहारच्या पाठीवरचा हात आईला काढून घेता येईना, तसाच ठेवताही येईना.