ईस्ट कोस्टवरचे पोहे

"आई, आता माघार नाही. टॅक्सी खाली आलीये," अनीश म्हणाला.

त्याची आई सरोजिनी खिडकीशी उभी होती. बाहेर सिंगापूरचा जानेवारीचा पाऊस नुसता झोडपत होता. "अरे, असल्या हवेत कुणी समुद्रावर जातं का?"

"कुणी जात नाही म्हणूनच जायचं! मराठी मंडळातलं चिटपाखरू दिसता कामा नये, ही अट कुणाची?"

अट तिचीच होती. उद्या नाही जमलं तर सिंगापूरभर चर्चा नको, असं तिचं म्हणणं. शनिवारी ती पुण्याला परत जाणार होती आणि त्याआधी होकार मिळवायचाच, असा अनीशने चंग बांधला होता. सकाळी उठून त्याने स्वतः कांदे चिरले, पोहे केले, डबा भरला. "पोहे आम्ही आणतो," असं ऋता म्हणाली होती, पण त्याने साफ उडवून लावलं. रीत म्हणजे रीत! आईला त्याने मोरपंखी साडी काढून दिली.

टॅक्सीत आई पुटपुटली, "आज तुझे बाबा असते तर..."

"ते असते तर प्रश्नच नव्हता, आई." अनीशने तिचा हात धरला.

अनीश आणि ऋताचं केव्हाच एकमत झालं होतं. दोघांची ऑफिसं वन-नॉर्थला, एकमेकांना लागून. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळा बेत पक्का केला होता. घोडं अडलं होतं ते वडीलधाऱ्यांपाशी. ऋताचे वडील उल्हासराव म्हणायचे, लोक काय म्हणतील? आणि आई म्हणायची, घाई कसली?

ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर शुकशुकाट होता. एरवी सुट्टीच्या दिवशी सायकलवाले पाय ठेवायला जागा देत नाहीत, आज भाड्याच्या सायकली प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेल्या. हॉकर सेंटरमध्येही खाण्याचे मोजकेच स्टॉल उघडे. उल्हासराव आणि ऋता बुकित पंजांगहून आधीच येऊन बसले होते. उल्हासरावांचा कडक इस्त्रीचा शर्ट एका खांद्यावर चिंब होता. छत्री सगळी लेकीवर धरली असणार.

"रेन लाइक धिस ऑल्सो कम, आह?" चहाच्या स्टॉलवरचा अंकल हसला.

"प्रवास नीट झाला ना?" उल्हासरावांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

"पाऊस फार आहे."

"हो ना."

बोंबला, अनीशच्या मनात आलं. त्याने घाईघाईने डबा उघडला.

उल्हासरावांनी एक घास खाल्ला. "वा! तुम्ही केलेत?"

"अनीशने. मी केले असते तर वर ओलं खोबरं घातलं असतं."

"मुलगा गुणाचा आहे हो तुमचा."

ऋताने टेबलाखालून अनीशच्या पायावर पाय दिला आणि छत्री उचलली. "काकू, आम्ही जरा पाण्यापर्यंत जाऊन येतो."

"असल्या पावसात?" दोन्ही वडीलधारे एका सुरात म्हणाले.

"आम्ही काय लहान आहोत?"

एका छत्रीत दोघं वाळूपर्यंत गेले. दूर उभी जहाजं पावसात पुसट झाली होती. ऋता नखं खात होती. "बाबा नाही म्हणाले तर रे?"

"म्हणू देत. पुन्हा विचारू. मी पिच्छा सोडणारा नाही."

"घरात आणखी एक माणूस हवंच रे. आई गेल्यापासून, मी ऑफिसला गेले की बाबा नुसते भिंतीकडे बघत बसतात." तिचे डोळे भरून आले. "काकूंना मी आवडते ना?"

"तुझं नाव निघालं की आई खुलते. वेडाबाई, रडू नकोस."

पण आज बिनसलं तर आई शनिवारी विमानात बसणार आणि पुन्हा हा विषय काढू देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पाऊस ओसरल्यावर दोघं परतले. डबा चाटून-पुसून रिकामा झाला होता. उल्हासराव खाली मान घालून चष्मा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

"काय ठरलं?" अनीशने विचारलं.

"मी होकार दिलाय यांना," आई म्हणाली.

ऋताने किंचाळून तिला मिठी मारली. अनीश मटकन बाकावर बसला. हुश्श!

"शनिवारचं तिकीट तेवढं रद्द कर," आई लाजत, पण ठाम आवाजात म्हणाली. "लग्न साधंच करू म्हणतोय आम्ही दोघं. आणि अनीश, यंदा भाऊबीजेला ऋताला ओवाळणी काय घालायची, ते आत्तापासूनच बघून ठेव."