लाइनवर राहा

दहा वाजून चार मिनिटं झाली तरी आईचा फोन आला नव्हता. लेकीने खरं तर आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. चार महिने तिने जिवाचा आटापिटा केला होता तो याच शांततेसाठी. तरी ती फोनकडे टक लावून बसली होती.

"अगं, तो काय दूध आहे, उतू जायला?" शेजारच्या टेबलावरून रंगारी म्हणाला. तो डिझायनर होता, पण एका बटणाच्या निळ्या रंगावर तीन-तीन दिवस घालवायचा, म्हणून ऑफिसने त्याला हे नाव पाडलं होतं.

आई अडुसष्ट वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. "लाइनवर राहा" हे वाक्य तिने जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा कुणी स्वतःचं नावही सांगितलं नसेल. हल्ली तिच्या डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं, पण गुरुवारचं पोहणं तिने सोडलं नव्हतं. तलावातली जागा मंगळवारी दहा वाजता वेबसाइटवरून राखावी लागायची. आईचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचा, पण त्या साइटच्या कॅलेंडरपाशी आला की त्याची बोबडी वळायची. "बटण, बटण, बटण," असं एकतीस वेळा. कुठलं बटण म्हणजे कुठली तारीख, देव जाणे.

"नुसती बटणंच बटणं," आई फोनवर म्हणायची. "काजं कुठे केलीत, ते तरी सांग." मग लेक जागा राखून द्यायची, आणि त्या निमित्ताने गुडघ्यापासून शेजारणीच्या मांजरीपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जायचा. एरवी आई फोन करायची नाही. कामाशिवाय लाइन अडवायची नाही, हा एक्स्चेंजमधला नियम तिने घरीही पाळला होता. लेकीने आपणहून फोन केला, तरी "काही काम होतं का?" विचारून दोन मिनिटांत ठेवून द्यायची.

लेकीला मात्र ते सलायचं. अख्ख्या शहराचे फोन जोडून देणाऱ्या बाईला एका तारखेसाठी पोरीच्या तोंडाकडे बघावं लागतं! आणि ते कॅलेंडर तिच्याच कंपनीचं. तलाव, दवाखाना, ग्रंथालय, मिळून चाळीस साइटवर तेच बसवलेलं. शेवटी तिने ते मुळापासून नवं केलं. बाणांच्या कळांनी चालणारं, प्रत्येक तारीख नीट उच्चारणारं. एकदा करायचं आणि चाळीस ठिकाणी बसवायचं. फक्त शेवटचं वाक्य ज्याचं त्याचं वेगळं. तलावाचं कॅलेंडर म्हणायचं, "जागा राखली. टॉवेल विसरू नका." हे पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. जागा राखली गेली, तरच ते ऐकू यायचं. साहेबांनी नाक मुरडलं, पण लेक हटली नाही.

काल संध्याकाळी ते तलावाच्या साइटवर चढलं. "उद्या तुझं तू करून बघ," तिने आईला सांगितलं होतं. "अडलं तरच फोन कर."

दहा वीसला फोन वाजला.

"नाही बाई जमलं," आई म्हणाली.

लेकीने वही ओढली. "कुठे अडलं, आई? महिना बदलत नाही का?"

"ते मला काय कळतंय? अडलं म्हणजे अडलं. ते राहू दे. तुझा आवाज का बसलाय? जेवतेस ना वेळेवर?"

मग गुडघा झाला. मग शेजारणीच्या मांजरीने चपलांच्या कपाटात तीन पिल्लं घातल्याची बातमी झाली. लेक वहीत काहीतरी लिहीत राहिली आणि थोड्या वेळाने लिहायची थांबली. काम फसल्याचं दुःख होतंच, पण खोटं कशाला बोला, तो आवाज ऐकून तिला बरं वाटत होतं.

"आई, तुझं काही चुकलं नसणार," ती अखेर म्हणाली. "माझं कॅलेंडरच वाईट आहे. सगळं पुन्हा करावं लागेल."

"वाईट कशाला असेल?" आई एकदम फणकारली. लेकीला नावं ठेवलेली तिला कधी खपली नव्हती, खुद्द लेकीनेसुद्धा. "चांगलं स्वच्छ बोलतं की! शब्द न् शब्द कळतो. जरा आगाऊ आहे, एवढंच. मला म्हणे, टॉवेल विसरू नका! मी आजवर कधी टॉवेल विसरलेय?"

"म्हणजे... ते आपलं..." आई चाचरली.

लेकीने हळूच आईचं खातं उघडलं. गुरुवार, सकाळी सात, जागा राखीव. नोंद दहा वाजून दोन मिनिटांची. म्हणजे अठरा मिनिटं आई फोन हातात धरून काम शोधत बसली होती.

रंगारीने लांबूनच हाताने विचारलं, चाललं का? तिने मान डोलावली. डोळे भरून आले होते, ते तिने बाहीला पुसले.

"बरं, ठेवते मी," आई बारीक आवाजात म्हणाली. "उगीच लाइन अडते."

"लाइनवर राहा, आई," लेक म्हणाली. "तुझी जागा अजून मिळायचीय, वेळ लागेल. या कॅलेंडरचं काही खरं नाही बघ. दर मंगळवारी असंच अडणार."