अर्धा सूर

"ही कोण गातेय?" तिने विचारलं.

विचारण्यात नाटक नव्हतं. समोर नव्याने निघणाऱ्या रेकॉर्डचा नमुना फिरत होता. बोसा नोव्हाची ती मवाळ ब्राझिलियन गिटार ओळखीची होती, खाली दादाच्या यंत्रांचा टिकटिक ताल होता, शब्दही पाठ होते. पण आवाज कुणा भारदस्त बाईचा वाटत होता. तिच्या जुन्या रेकॉर्डवर तर एक कोवळी पोर गायची, आणि त्या कोवळ्या आवाजावरच लोक जीव टाकायचे.

"तुम्हीच, ताई," साउंड इंजिनिअर बाई हसून म्हणाली.

"मग तुमचं यंत्र पेंगतंय. तबकडी हळू फिरतेय."

"यंत्र चोख आहे. जुनी रेकॉर्डच पळत होती." इंजिनिअरने खुर्ची जवळ ओढली. "तुमच्या भावाच्या माळ्यावर मूळ टेप सापडली ना, तिच्यावर आवाज असाच आहे. रेकॉर्ड काढताना कुणीतरी टेप जरा जोरात पळवली. सगळं अर्ध्या सुराने वर चढलं. आता दोन तबकड्यांवर ऐसपैस काढतोय, मूळ वेगाने. फक्त तुमचा होकार हवा."

अर्धा सूर म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

रेकॉर्ड गाजली तेव्हा पहिला कार्यक्रम ठरला होता. दादाला घरात सगळे खटपट्या म्हणायचे, आणि नाव अगदी शोभून दिसायचं. त्याने रेकॉर्डवरचाच ताल आणि तेच सूर यंत्रांत भरून रंगमंचावर आणले. म्हणजे तिलाही तितक्याच वर गायचं होतं. तालमीत ओढाताण होत होती, तरी ती रेटून नेत राहिली. सगळी गाणी दादाने बांधलेली, शेवटचं एक तेवढं तिने स्वतः बांधलेलं. लोकांनी नेमकं तेच उचलून धरलं होतं, आणि आज रेकॉर्ड पुन्हा निघत होती तीही त्याच्याच जोरावर. हे कानात सांगितल्यासारखं हळू गायचं गाणं. त्यात ओरडून वर जाता येत नाही. वरच्या जागेवर भरल्या सभागृहात तिचा आवाज फाटला. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. रेकॉर्डवरचा गळा सगळा यंत्रांचा, असं लोक म्हणाले, आणि वाईट हे की तिलाही ते पटलं. त्यानंतर ती न्हाणीघरातसुद्धा गुणगुणली नाही. निवृत्त होईपर्यंत शाळेत मुलांना भूगोल शिकवत राहिली.

आता तेच गाणं लागलं. तिच्याही नकळत ओठ हलले. वरची जागा जवळ आली तशी ती थांबणारच होती, पण आवाज गेला आणि आपल्या घरात गेल्यासारखा तिथे आरामात बसला. या वयात! म्हणजे गळा कधी गेलाच नव्हता. तिला रडू फुटलं. खूप आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मागोमाग तितकाच संताप आला.

"परत लावा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

इंजिनिअरने सुई उचलून गाण्याच्या सुरुवातीला ठेवली, तेवढ्यात जिने चढून धापा टाकत दादा आत आला. त्यालाही आज नमुना ऐकायला बोलावलं होतं. दोन ओळी त्याच्या कानावर पडल्या आणि तो दारातच थांबला. काय झालं, हेही त्याने विचारलं नाही.

"कळलं तर तुला," तो म्हणाला.

"टेप तू पळवलीस?"

"हो."

"केसाने गळा कापलास, दादा! मी तिथे फाटक्या आवाजाने उभी होते आणि तुला सगळं ठाऊक होतं!"

"तोवर लक्षात आलं नव्हतं, चिमे. देवाशपथ नव्हतं आलं. त्या दिवशी आलं. पुढच्या कार्यक्रमासाठी मी यंत्रं अर्ध्या सुराने खाली उतरवून ठेवली होती. पण तू पुढचा कार्यक्रमच केला नाहीस. सांगायला आलो तर दार उघडलं नाहीस. मग दिवस जात गेले, आणि माझी जीभ काही रेटेना."

"आणि माझं काय झालं?" तिने डोळे पुसले आणि इंजिनिअरकडे वळली. "होकार आहे माझा. याच वेगाने काढा. पण कव्हरवर माझ्या शेजारी याचं नाव नको."

इंजिनिअर बिचारी कानकोंडी होऊन बटणांकडे बघत राहिली. दादाने मान डोलावली. वाद घातला नाही. ते पाहून तिचा पारा आणखीच चढला.

"निदान कशासाठी ते तरी सांग! कुणाचं काय अडलं होतं?"

"तबकडीच्या त्या बाजूला गाणी मावत नव्हती. कंपनी अडून बसली होती. टेप पळवली तेव्हा कशीबशी बसली."

"मग एखादं गाणं गाळायचंस! एका गाण्याने काय आभाळ कोसळलं असतं?"

दादा फिरत्या तबकडीकडे बघत होता. तिचा आवाज त्या वरच्या जागेवर पोचत होता.

"त्यांनी गाळलंच होतं," तो म्हणाला. "हे."