आवाज नसलेली झोप

सुरतेजवळ उधन्याच्या कापड कारखान्यात मागावरचा धोटा उडून नाकावर बसला, तेव्हापासून अकरा वर्षं वाल्मिक तोंडानेच श्वास घेत होता. त्याच्या घोरण्याने बायकोच्या, रंजनाच्या, डोळ्याला डोळा लागत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतलं हाड वाकलंय. औषधाने नाही, ऑपरेशननेच सरळ होईल." ऑपरेशननंतर आठवड्याने नाकातल्या पट्ट्या काढताच तो दचकला, "पंखा वाढवला का?" बाई हसल्या. "हवा तीच आहे, आता नाकातून जातेय." घरी येऊन तो जेवला आणि आडवा झाला. भांडी घासताना रंजनाला घोरणं ऐकूच येईना. ती ओल्या हातांनीच आत धावली. त्याचं तोंड मिटलेलं होतं. तिने नाकाखाली बोट धरलं. बोटाला दोन्ही नाकपुड्यांची ऊब लागली. डोळे न उघडताच तो पुटपुटला, "जित्ता शे वं मी." भांडी तशीच टाकून तीही शेजारी आडवी झाली.