नाही म्हणायची मुभा

डांबून राबवून घेतलेल्या माणसांसाठी नवा कायदा व्हायचा होता. त्यात त्यांचंही म्हणणं यावं म्हणून संशोधक बाई कपड्यांच्या कारखान्यातून सुटून आलेल्या मावशींच्या घरी गेल्या. रेकॉर्डर लावण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "जे सांगावंसं वाटणार नाही, त्याला सरळ नाही म्हणा. कोणी रागावणार नाही."

"कारखान्यात कशा पोचलात, मावशी?"

"नाही सांगायचं."

"दाराला बाहेरून कुलूप असायचं?"

"नाही सांगायचं."

"बरं, कायद्यात काय असावं?"

"तेही नाही."

मावशींना दरदरून घाम फुटला होता. बाईंनी विचारलं, "पंखा लावू का?"

"नको."

एवढ्या लांब येऊन हाती भोपळा. तरी बाईंनी कपाळावर आठी येऊ दिली नाही. रेकॉर्डर पिशवीत टाकून त्या उठल्या. "हरकत नाही मावशी, तुमची मर्जी. येते मी."

मावशी त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या.



"बसा ताई. नाही म्हटलं की पुढे काय होतं, तेवढंच बघायचं होतं. आता विचारा."