फ्रीजच्या पाठीमागचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला तेव्हा सालोमीच्या लग्नाच्या कार्डावर नवरदेवाचं नाव अर्धंच झालं होतं. ‘ज्यु’ एवढंच. पुढचा ‘लियस’ टाइप व्हायच्या आत पडदा काळा. चंद्रहासने कपाळाला हात लावला.

कॉम्प्युटर त्याने स्वतः जोडला होता. सुटे भाग मुंबईहून आणून, जेवणाच्या टेबलावर पसरून, माणिकपूरच्या क्लासात शिकवलं तसा एकेक स्क्रू त्यानेच पिळला होता. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून सोसायटीतले लोक ‘काय, सध्या घरीच का?’ असं विचारायचे, आणि ते त्याला फार लागायचं. सालोमीचं कार्ड ही पहिली ऑर्डर. तिचा बाप गॅब्रिएल अजून चंद्रहासच्या जुन्या शाखेत नोकरीला. आज शनिवार, अर्धा दिवस. बँकेतून परस्पर नमुना बघायला येणार होता. नमुना नसला तर काम नाक्यावरच्या प्रेसमध्ये जाणार आणि सोमवारी साऱ्या शाखेत चंद्रहासची शोभा होणार.

कॉम्प्युटरचा डबा तापतोय, एवढं निदान झालं होतं. आतला पंखा फिरत होता. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून पुन्हा लावून झाली होती. घरातला तापाचा थर्मामीटरही आत धरून झाला. पारा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला.

“पाण्याच्या पट्ट्या ठेवू का?” त्याच्या बायकोने, आशालताने विचारलं.

“तुला यातलं काही कळत नाही. हात लावू नकोस.”

“मी कुठे लावतेय?” म्हणत ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

आधी डबा शोकेसमध्ये होता, धूळ बसू नये म्हणून काच लावून. क्लासात शिकवणारा संकेत फोनवर म्हणाला, काका, तिथून काढा, थंड जागी ठेवा. आता वसईतल्या वन रूम किचनमध्ये थंड जागा आणायची कुठून? पण चंद्रहासने डोकं चालवलं. घरात थंड अशी वस्तू एकच. फ्रीज हॉलमध्येच, किचनच्या दाराशी आडवा उभा होता आणि त्याच्या पाठीमागचा कोपरा मोकळा होता. तिथे एक दोरी बांधलेली होती, ती त्याने काढून टाकली. कसली, हे विचारलं नाही. टेबल सरकवून डब्याची पाठ फ्रीजच्या पाठीला भिडवली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाला. तेव्हापासून तासभर चालणारा कॉम्प्युटर दहा मिनिटांत मान टाकायला लागला.

बेल वाजली. दारात गॅब्रिएल, छत्री असूनही गुडघ्यापर्यंत भिजलेला.

“स्टेशनपासून एक रिक्षा नाही, वहिनी. बुटात पाणीच पाणी झालंय.”

“बूट काढा. मोजे द्या इकडे, चहा होईपर्यंत वाळवून देते.”

गॅब्रिएल अनवाणी येऊन खुर्चीवर बसला. “झालं कार्ड?”

“झालंच आहे,” चंद्रहास म्हणाला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, तसा तो पुन्हा टाइप करायला बसला. सालोमीचं नाव आलं, आईबापाचं आलं, गावाचं आलं. मग ‘ज्यु’ आलं आणि पडदा काळा झाला.

गॅब्रिएल थोडा वेळ त्या काळ्या काचेकडे बघत राहिला. “चंद्रहास, जावई मला अख्खा पाहिजे रे.”

चंद्रहास पुन्हा बटण दाबायला गेला. इतक्यात आशालता बाथरूममधून मोजे पिळून आली, दोघांच्या मधून वाट काढत फ्रीजच्या मागे वाकली आणि मोजे डब्याच्या मागच्या कडेवर पसरून टाकले. तिथे आधीपासून एक बनियन आणि चंद्रहासचेच मोजे लटकत होते, बरोबर पंख्याच्या जाळीवर.

“तिथे काय करतेस?”

“वाळत घालतेय. पावसात घरात हा एकच तर कोपरा गरम.”

“गरम? अगं, फ्रीज थंड असतो.”

“आतून,” गॅब्रिएल म्हणाला.

चंद्रहासने हळूच फ्रीजच्या मागे हात घातला. काळ्या जाळीतून झळ येत होती, चुलीपाशी बसल्यासारखी. इतक्या वर्षांत पावसाळ्यात आपले मोजे रोज सकाळी कोरडे कसे मिळतात, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. गॅब्रिएलसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही म्हणालात, यातलं तुला कळत नाही, हात लावू नकोस. मी हात नाही लावला. दोरी तुम्ही सोडलीत, म्हणून मोजे तेवढे त्याच्यावर टाकले.”

आशालताने कोपऱ्यात दोरी पुन्हा बांधून डब्यावरचे कपडे तिच्यावर टाकले. दोघा पुरुषांनी टेबल उचलून खिडकीपाशी नेलं, डब्याची एक बाजू उघडी ठेवली. चंद्रहास टाइप करू लागला. ‘ज्यु’ आलं.  ‘लियस’ही आलं. मग चर्च आलं, तारीख आली, जेवणाची वेळ आली, आणि प्रिंटरने कुरकुरत सगळं कार्ड बाहेर काढलं. गॅब्रिएलने ते उजेडात धरून दोनदा वाचलं.

“छान झालंय. छाप सगळी.”

चंद्रहास चहाच्या कपबशा उचलू लागला.

गॅब्रिएलचे मोजे अजून ओलेच होते. “कालपर्यंत डब्यावर कसे झटक्यात वाळत होते,” आशालता जरा हळहळली. मग चंद्रहासने कोपऱ्यातल्या दोरीवरचे आपले कोरडे मोजे काढून त्याला दिले. गॅब्रिएलने ते पायात चढवले आणि त्याचा चेहरा निवांत झाला. दाराशी गेल्यावर त्याने विचारलं, “सोमवारी शाखेत विचारतील, चंद्रहास घरी बसून करतो काय. काय सांगू?”

चंद्रहासने त्याची छत्री पुढे केली.

“सांगा, कॉम्प्युटरवर कार्डं छापतात,” आशालता म्हणाली. “मोज्यांचं नका सांगू. सगळी शाखा ओले मोजे घेऊन येईल.”