मेथवेन ते समुद्र आणि परत

फोन काढायचा नाही असं ठरवलेलं असूनही क्लाइव्हचा हात पाठीवरच्या खिशाकडे गेलाच. समोर समुद्र होता. मागे बावन्न किलोमीटरवर मेथवेन, म्हणजे घर होतं. आणि घराच्या बाजूनं वायव्येचा वारा असा सुटला होता, की उभी केलेली सायकल दोनदा आडवी झाली.

सकाळी हाच वारा पाठीशी होता. डोंगरावर ढगांची कमान स्पष्ट दिसत होती. ती दिसली की वायव्येचा वारा जोरात सुटणार, हे इथं कँटरबरीत शाळकरी पोरालाही कळतं. क्लाइव्हला मात्र वाटलं, आपले पाय तयार झाले. दोन तासांत तो समुद्रावर पोचला, आणि वाटेत मेंढ्यांनाही हात करत आला.

आज बायकोला, नोएलीनला, फोन केला, तर सायकल जाणार होती. काल शुक्रवारी क्लबात ग्रॅमनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय रे क्लाइव्ह, तुझी सायकल रस्त्यावर जास्त चालते की बायकोच्या गाडीच्या हौद्यात?" सगळे हसले. क्लाइव्हचे कान तापले. तो उठून म्हणाला, "उद्या शनिवारी समुद्राला जाऊन परत येतो. तिला बोलावलं, तर पुढच्या शुक्रवारी क्लबाच्या मटणाच्या सोडतीत बक्षीस म्हणून माझी सायकल लावा!" शेजारी नोएलीन बसली होती. तिनं फक्त आपला ग्लास बाजूला सरकवला.

ग्रॅम खोटं बोलत नव्हता. एप्रिलपासून क्लाइव्ह हळूहळू अंतर वाढवत होता. वीस किलोमीटर झाले. तीसही झाले. त्यानंतर चाळीसच्या दिवशी त्यानं एकतिसाव्या किलोमीटरला फोन केला, पन्नासच्या दिवशी अडतिसाव्याला. गादीची चड्डी आली, टाळ्या वाजवल्यासारखे आवाज करणारे बूट आले, हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ आलं. फोन काही थांबले नाहीत. फ्रिजवरच्या तक्त्यात नोएलीन मात्र दर सोमवारी पुढचा आकडा लिहायची. "अगं, मागचंच झालं नाही अजून," क्लाइव्ह म्हणायचा. "म्हणून काय झालं? मोठं ठरव," ती म्हणायची. आपल्यावर एवढा विश्वास असलेली बायको मिळाल्याचं त्याला समाधान वाटायचं.

फोन गेला की वीस मिनिटांत ती हजर. मग सायकल हौद्यात, आणि दोघं गाडीत; वाटेत ॲशबर्टन गावी मोआनाच्या बेकरीत थांबणंही ठरलेलं. वाऱ्यानं कसं छळलं, गुडघा कुठे दुखला, कुठल्या कुत्र्यानं पाठलाग केला, हे क्लाइव्ह सांगत सुटायचा. मग विषय कुठून कुठे जायचा. घरी दोघांचं आठवड्याचं बोलणं मांजर आणि कचऱ्याचा डबा एवढ्यावर भागायचं.

तर आता त्यानं फोन खिशातून काढला. नोएलीनचं नाव शोधलं. आणि तेवढ्यात वारा पडला.

एकदम पडला. पाच मिनिटं गवताचं पातंही हललं नाही. मग दक्षिणेकडचं आकाश काळं झालं आणि मागून गार झोत आला. वायव्येचा वारा संपला की दक्षिणेचा येतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. क्लाइव्हनं फोन आत ठेवला, सायकलवर टांग टाकली आणि सुसाट निघाला. पाऊस पाठीवर बदाबद पडत होता. सहा महिन्यांची मेहनत आत्ता कामाला आली, असं त्याच्या मनात आलं.

ॲशबर्टनला तो मोआनाच्या बेकरीत थांबला. ती काउंटरपलीकडून ओरडली, "आलास? नोएलीन गाडी लावतेय का?"

"आज ती नाही. आज मी एकटा. एक खिम्याची पाई दे."

"नाही?" मोआनाचा चेहरा पडला. "खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलंय रे तुमचं. सकाळीच तिनं फोन केला, म्हणाली, तो समुद्राला निघालाय, पण ॲशबर्टनच्या पुढे टिकत नाही, आम्ही साडेअकरापर्यंत येतोच."

"बघ तूच," क्लाइव्ह अभिमानानं म्हणाला, "तिचा अंदाज चुकवला की नाही!" पाई उभ्या उभ्या खाऊन तो निघाला.

अडीच वाजता तो मेथवेनमध्ये शिरला. क्लबाच्या दारात ग्रॅम उभा होता. क्लाइव्हनं दोन्ही हात वर केले, पडता पडता सावरला, आणि आपल्या गल्लीत वळला.

नोएलीन गाडीत बसली होती. फाटक उघडं होतं आणि इंजिन सुरू होतं. तिनं हिरवा कोट घातला होता, ओठांना लाली लावली होती. फोन मांडीवर होता.

"एकशे चार!" क्लाइव्ह ओरडला. त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं. "एकही फोन नाही! ऐकतेस ना? एकही नाही!"

"हो," ती म्हणाली. "अकरापासून फोनची वाट बघतेय मी."

तिनं इंजिन बंद केलं.  मग खाली उतरून तिनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि आपल्या कोटाच्या बाहीनं त्याचं तोंड पुसलं.

"छान झालं. पुढच्या शनिवारी दीडशे कर," नोएलीन म्हणाली. "वारा परतताना समोरूनच येईल असा रस्ता मी शोधून ठेवते."